एका हिवाळ्यापुरता बॉयलर

जायचंच होतं तर दिवाळी उरकून जायचं! पण नाही. वर्षभर अमेरिकेतल्या एडिसनच्या त्या घरात गुरुनाथ आणि शैलजाबाई ही दोनच म्हातारी माणसं होती तेव्हा बॉयलर मुकाट्यानं चालला. आणि नोव्हायहून मुलगा संग्राम, सून सीमा आणि नात अनिका, रेडमंडहून मुलगी इशिता, अशी सगळी निमकर मंडळी बॅगा टाकून टेकतात न टेकतात तोच त्यानं बेसमेंटभर पाणी केलं. तेही पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी.

सकाळी बॉयलरवाला येऊन गेला होता. त्यानं टॉर्च मारून बघितलं आणि आतला बिडाचा भाग तडकलाय म्हणाला. खोल्या तापवणारे भिंतीलगतचे रेडिएटर आणि अंघोळीचं पाणी, दोन्ही याच एका बॉयलरवर. त्यामुळे घरही गार आणि नळही गार. फटीत मसाला भरून देतो, एक हिवाळा निघेल कदाचित. नाहीतर नवीन बसवा, असं त्याचं म्हणणं पडलं. नवीन कुठला सुचवायचा ते ठरवायला त्यानं आपला साधा प्रश्न विचारला, "तुम्ही या घरात अजून किती वर्षं राहणार आहात?"

घरातले सगळे तिथंच उभे होते. संग्रामनं तोंड उघडायच्या आत गुरुनाथ म्हणाले, "वन विंटर इज इनफ. जस्ट पॅच इट."

उद्या दुपारी येतो, तोवर नक्की काय ते ठरवा, असं सांगून तो गेला. आणि शैलजाबाई तडक जिना चढून वर गेल्या. चकलीचं पीठ भिजवायला गेल्या असतील, असं प्रत्येकानं आपापल्या सोयीनं समजून घेतलं.

संग्राम मागे थांबला. नोव्हायला इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या थंडीत ऊबदार कशा ठेवायच्या, हेच त्याचं काम. तेव्हा बापाचं घर गरम करणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं त्याला वाटत होतं.

"बाबा, रेडिएटरची ती पितळी किल्ली कुठंय? यातलं उरलेलं पाणी उतरवायचं तर वरच्या तोट्या उघडायला लागतील," त्यानं जिन्याखालून ओरडून विचारलं.

गुरुनाथ जिन्याच्या वरच्याच पायरीवर उभे होते. सकाळीही ते तिथूनच बोलले होते. "तिथं खिळ्यावर असायची. हरवली असेल आता. बायपास झाल्यापासून मी खाली उतरलोय कुठं? दोन वर्षं कुणी हात लावलाय तिला!"

संग्रामनं मग पान्यानंच काम भागवलं आणि त्यात एका तोटीचं टोक मोडलं. ती गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही.

जेवणं झाल्यावर सगळे जॅकेटं घालूनच टेबलाशी बसले. संग्रामनं लॅपटॉप उघडला. ऑफिसात दाखवावीत तशी त्यानं चित्रं तयार करून ठेवली होती, आणि सीमाला नवऱ्याच्या या सवयीची गंमतही वाटायची आणि वैतागही यायचा.

"हे बघा. खोल्यांसाठी हीट पंप. हे जुने रेडिएटर सगळे काढून टाकायचे, भिंतीवर युनिट लावायची. हिवाळ्यात गरम हवा, उन्हाळ्यात थंड. आणि पाण्यासाठी भिंतीवरचा छोटा टँकलेस हीटर. टाकीबिकीची भानगडच नाही. नळ सोडला की तो पेटणार, हवं तेवढं पाणी गरम. दोन माणसं, दिवसाला दोन शॉवर. एकदम फिट."

"रेडिएटर काढायचे?" सीमानं विचारलं.

"हो, मग? किती जागा खातात!"

सीमाचं लक्ष मग त्या चित्रांत राहिलं नाही. नागपूरहून लग्न होऊन ती इथंच आली होती, ऐन जानेवारीत. पहिले सहा महिने याच घरात, याच सासूच्या हाताखाली. आपण इथं फार दिवस टिकत नाही, असं तिला रोज वाटायचं. आणि रोज सकाळी ती अंघोळीहून यायच्या आत सासूबाई तिचे कपडे रेडिएटरवर पसरून ठेवायच्या. अंगावर चढवले की थेट खांद्यापर्यंत ऊब जायची. त्या कधी काही बोलल्या नाहीत आणि हिनंही कधी आभार मानले नाहीत. जेवणघरातल्या त्या रेडिएटरवर आत्ताही विरजणाचं भांडं ठेवलेलं होतं, गार पडलेलं, आणि आतलं दूध तसंच्या तसं होतं.

"डॅड," अनिका म्हणाली. पंधरा वर्षांची पोर, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात स्क्रीनवरचं सगळं वाचत होती. "बट आजी-आजोबा शॉवर घेतच नाहीत. दे डू बकेट."

"म्हणजे?"

"म्हणजे आजोबा थोडं हॉट घेतात, मग ऑफ, मग कोल्ड, मग अगेन थोडंसं हॉट. एकदम बारीक. आणि इथं लिहिलंय, पाण्याची धार बारीक झाली तर हा हीटर ऑनच होत नाही. सो दे विल गेट कोल्ड वॉटर. एव्हरी टाइम."

चाळीस वर्षं या अमेरिकेतल्या टबात बादली आणि तांब्या ठेवून अंघोळ करणारी माणसं. आणि पोटच्या पोरानं हिशोब मांडला तो शॉवरचा.

"शॉवर घ्यायला काय होतं पण?" संग्रामनं जरा चिडूनच विचारलं.

"काही होत नाही," सीमा म्हणाली. "आपल्या बाथरूममध्ये ती निळी बादली कुणाची आहे रे? माझी तर नाही."

इशिता इतकी हसली की तिला ठसका लागला. गुरुनाथांनीही मिशीआड हसून घेतलं. संग्राम म्हणाला, "तू कुणाच्या बाजूनं आहेस, सीमा?"

"आज आईंच्या. मी रेडिएटर काढू देणार नाही."

"अरे, पण एवढी चर्चा कशाला करताय, यार?" इशितानं डोळे पुसत लॅपटॉप अर्धा मिटला. "बाबा स्वतःच म्हणाले ना, एक हिवाळा. बरोबर आहे त्यांचं. मसाला भरा, हिवाळा काढा, उन्हाळ्यात घर विका आणि दोघं माझ्याकडे या. रेडमंडला बर्फ नाही, नुसता पाऊस. माझी खालची खोली तयार आहे. बाथरूम शेजारीच, जिना चढायला नको."

"मी विकायचं कुठं म्हटलं?" गुरुनाथ म्हणाले.

"मग एक हिवाळा म्हणजे काय, बाबा?"

गुरुनाथांनी घड्याळाकडे बघितलं. मॅच लागली असेल, म्हणाले, आणि उठून हॉलमध्ये गेले. टीव्ही काही लागल्याचा आवाज आला नाही.

शैलजाबाई या सगळ्या वेळात स्वयंपाकघरात होत्या, अंगात कोट घालून चकल्या तळत. इशिता आत आली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"आई, तू चिडलीयस."

"चिडू नको तर काय करू? ओवाळू त्यांना?" त्यांनी झारा कढईवर आपटला. "उद्या ओवाळायचंच आहे म्हणा."

"मी घर विका म्हटलं म्हणून?"

"तुझं काय घेऊन बसलीस! तू तर दर दिवाळीला म्हणतेस." त्यांनी गॅस बारीक केला आणि पहिल्यांदाच मुलीकडे वळल्या. "इशू, दरवर्षी दसरा झाला की हा माणूस मागच्या अंगणात लसूण लावायचा. आत्ता लावला की पुढच्या जुलैत निघतो. अंगणात बर्फ साचला तरी खाली तो जिवंत असतो, म्हणायचे. रंगाच्या कारखान्यात सबंध नोकरी केली, पण कौतुक सगळं त्या लसणाचं. दोन वर्षं झाली, लावला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, जुलै कुणी बघितलाय? नवे बूट घेऊ म्हटलं तर म्हणे आहेत ते पुरतील. डॉक्टर म्हणतात हृदय उत्तम आहे, अगदी ठणठणीत. आणि आज परक्या माणसासमोर सांगून मोकळे, एक हिवाळा पुरे! मला भीती वाटते गं. माणूस डोळ्यांसमोर धडधाकट बसलाय आणि मनानं आवराआवर करतोय."

इशिता ताटातली एक चकली मोडत राहिली. "म्हणून तर म्हणते, माझ्याकडे या. तिकडे नोव्हेंबर ते मार्च आभाळ उघडत नाही. ऑफिसातून आले की सगळ्या घरात मीच दिवे लावत फिरते. मलाही कुणीतरी हवंय ना."

"मग असं सांग की!" शैलजाबाईंनी पिठाच्या हातानंच तिचा गाल धरला. "वेडी कुठली. जिन्याचं काय सांगत बसलीस मघापासून? येईन ना. जानेवारी-फेब्रुवारी दोन महिने येते, तुझ्या हातचं खाते, तुझे दिवे लावते. पण परत यायला मला माझं घर असू दे. आणि ते गरम असू दे."

"आणि बाबा?"

"त्यांचं मी बघते," त्या म्हणाल्या. "तू कढईकडे बघ, करपतील."

पहाटे उजाडायच्या आधीच घर उठलं. चारही शेगड्यांवर पाणी चढलं होतं: दोन कुकर, इडलीचं भांडं आणि गणपतीच्या प्रसादाचं ते मोठं पातेलं. बॅटऱ्या गरम करणारे इंजिनिअर संग्राम निमकर वरच्या मजल्यावर बादल्या वाहत होते, आणि सीमा खालून ओरडत होती, "सांडू नकोस रे, एका माणसाला एकच बादली आहे!"

गुरुनाथ टबातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर पंचा लावून बसले होते. थंडीनं अंगावर काटा आला होता. शैलजाबाईंनी कोमट तेल घेऊन पाठीला लावायला सुरुवात केली. दर दिवाळीला त्यांचा हात हलका असे. आज कातडी सोलून निघेल असं वाटत होतं.

"जरा बेतानं, शैला."

"रागात आहे मी."

"ते कळलं मला कालच."

"कळलं तर बोलला का नाहीत? तुम्ही असं का म्हणालात त्याला? एक हिवाळा म्हणजे काय? मी काय समजू?"

गुरुनाथ समोरच्या टाइल्सकडे बघत राहिले. हे तिला सांगायचं नाही असं त्यांनी दोन वर्षं ठरवलं होतं. पण पाठ तिच्या हातात होती आणि पळायला जागा नव्हती.

"मी गेल्यावर," ते म्हणाले, "तू एकटी त्या बेसमेंटमध्ये उतरणार? तो काटा वाचणार, प्रेशर बघणार, रेडिएटरमधली हवा काढणार? बर्फ पडत असताना बॉयलर बंद पडला तर कुणाला हाक मारशील? त्यापेक्षा एक हिवाळा कसाबसा काढायचा आणि मग तुला पोरांकडे पोचवायचं, असं मनात होतं. मला माझी भीती नाही गं. तुझी आहे."

तिचा हात थांबला. आता ही रडणार, असं त्यांना वाटलं. मागून आवाज आला तो हसण्याचा.

"अहो, दोन वर्षांपूर्वी तुम्ही छातीशी उशी धरून हॉलमध्ये झोपायचात. खोकला आला तरी कळवळायचात. तेव्हा हे घर कोण गरम ठेवत होतं?"

"संग्रामनं कुणी माणूस लावला होता ना?"

"माणूस! मीच तो माणूस." त्यांनी मागे हात करून औक्षणाचं ताट पुढे ओढलं. निरांजन, सुपारी, अंगठी, आणि त्यांच्या शेजारी ती पितळी किल्ली, घासून लख्ख केलेली. "हवा काढायची, प्रेशर बघायचं, कमी झालं तर पाणी भरायचं. फोनवर बघून शिकले. पहिल्यांदा तोंडावर काळं पाणी उडालं, मग येत गेलं. गेल्या हिवाळ्यातही मीच केलं."

"पण मी तर म्हटलं, ती हरवली."

"चमच्यांच्या खणात होती. मला कुणी विचारलं? या घरात बॉयलरचं सगळं बापाला विचारतात."

गुरुनाथांना लाजही वाटली आणि हायसंही वाटलं. ज्या एका गोष्टीच्या काळजीनं त्यांनी दोन वर्षं झोप घालवली, ती गोष्ट ही बाई खाली जाऊन उरकत होती आणि तोंड पुसून, वर येऊन भाजी फोडणीला टाकत होती.

"मला सांगायचं नाही का, शैला?"

"आधी डॉक्टरांनी म्हटलं होतं, त्यांना कसली काळजी देऊ नका. नंतर वाटलं, विचारतील. तुम्ही विचारलंच नाहीत." त्यांनी पुन्हा तेल घेतलं. आता हात हलका होता. "ऐका. मला एकटीला राहता येईल. सगळं येतं मला. पण मला तसं राहायचं नाही. मला एक हिवाळा नको, पुष्कळ हवेत. तुमच्यासकट. आणि आत्तापासून माझी बोळवण करायची नाही, सांगून ठेवते."

त्यांनी खांद्यावरचा तिचा तेलकट हात धरला आणि तसाच धरून ठेवला. दारावर टकटक झाली, "आजी, माझा टर्न केव्हा? इट्स फ्रीझिंग!" तेव्हा कुठं सोडला.

उटणं लागलं, अर्ध्या अंघोळीत ओवाळून झालं, सगळी बादली संपली. मग पायाखाली फोडायला क्रॅनबेरी आली. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत काय वाट्टेल ते मिळतं पण कारीट मिळत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी शैलजाबाईंनी क्रॅनबेरी निवडली होती, तीही कडवट म्हणून. गुरुनाथांनी डाव्या अंगठ्याखाली ती फटकन फोडली आणि "गोविंदा!" म्हणून असे ओरडले की खाली संग्रामच्या हातची बादली हिंदकळली.

"काय झालं?" त्यानं घाबरून विचारलं.

"काही नाही," सीमा वर बघत म्हणाली. "बाबांची अंघोळ झाली."

फराळाच्या वेळी शैलजाबाईंनी किल्ली संग्रामच्या बशीशेजारी ठेवली. सगळी हकीकत गुरुनाथांनीच सांगितली, स्वतःचा पराक्रम असल्यासारखी. संग्रामनं ती ऐकली आणि गुपचूप कबूल केलं, "आई, पुढच्या खोलीतली एक तोटी मोडलीय. पान्यानं."

"कुणी सांगितलं होतं पान्यानं करायला?" त्या म्हणाल्या. "आता बदलून घे. आणि तुझा तो पंप वरच्या दोन खोल्यांना लाव, उन्हाळ्यात जीव नकोसा होतो तिथं. खालच्या रेडिएटरना हात लावायचा नाही."

"पाण्याचं काय मग?"

"टाकी," गुरुनाथ म्हणाले. "नवीन बॉयलर आणि त्याला जोडून मोठी टाकी. पाणी भरलेलं, तापलेलं, तयार. बारीक धार घेऊ नाहीतर मोठी घेऊ, आमची मर्जी. आणि दिवाळीला सगळ्यांना पुरायला हवं."

"मोठीच घ्या," इशिता म्हणाली. "मी पण दरवर्षी येणार आहे."

दुपारी बॉयलरवाला आला. गुरुनाथ बेसमेंटचा जिना उतरले, दोन वर्षांनी, कठड्याला धरून. शैलजाबाई त्यांच्या पुढे होत्या, कारण दिव्याचं बटण कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक होतं, मधल्या काळात ते बदललं होतं. मागोमाग बाकीचे सगळेही आले. एवढी माणसं एका बॉयलरभोवती बघून तो बिचारा जरा बिचकला.

टाकी केवढी ते ठरवायला त्यानं विचारलं, रोज किती शॉवर होतात? अनिका पुढे झाली. "नो शॉवर्स. बकेट्स," म्हणाली आणि हातवारे करून तिनं त्याला बादली, तांब्या, तेल आणि पहिली अंघोळ समजावून सांगितली. त्याला कितपत कळलं देव जाणे, पण टाकी त्यानं मोठी सांगितली.

मग तो बॉयलरकडे वळला. बिडाचाच घ्या, म्हणाला, नीट निगा राखली तर चांगली पंचवीस वर्षं जाईल.

गुरुनाथ शहात्तर वर्षांचे होते. सगळ्यांनी नकळत त्यांच्याकडे बघितलं आणि मग पटकन नजरा दुसरीकडे वळवल्या. शैलजाबाईंनी मात्र वळवली नाही.

गुरुनाथांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ओन्ली ट्वेंटी-फाइव्ह?" ते म्हणाले. "अँड देन? त्यानंतर पुन्हा ही सगळी कटकट?"

आधी इशिता हसली, मग संग्राम, मग सगळेच. बॉयलरवालाही, न कळता. शैलजाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि कामं पडलीत म्हणून जिन्याकडे वळल्या.

"शैला," गुरुनाथांनी मागून हाक मारली. "चटणीला लसूण सोलशील ना, त्यातल्या मोठ्या पाकळ्या वेगळ्या काढ. लावायच्या आहेत."

"काढल्यात," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "सकाळीच."